लहान पातेलं

परवा एका हिरव्या मिरचीने मला हरवलं. फार बाणेदार वगैरे नव्हती हो. वड्यासोबत कागदात गुंडाळून येते तसली, तळलेली, मीठ लावलेली, अंग चोरून बसलेली. अशा मिरच्या मी एके काळी फुटाण्यासारख्या खात असे. शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून पैजेवर खात असे आणि हरलेल्या पोरांकडे राणीसारखी बघत असे. परवा मात्र एक घास गेला आणि कानातून गाडीची शिटी निघाली. मी उठले, फ्रिज उघडला, दह्याचं भांडं तोंडाला लावलं आणि तिथेच उभी राहून हसत सुटले. जीभ माणसाच्या आधी म्हातारी होते आणि कुणाला कळवत नाही. आमच्या घरात हे एकदा माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं, आणि ज्याच्या बाबतीत घडलं त्याची जीभ सगळ्या शिरूरला माहीत होती.

ती जीभ माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो आणि गाव डंकवाले आप्पा म्हणायचं, कारण आमचा मिरची-मसाला कांडायचा डंक होता. ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांनी चार लोखंडी मुसळं डोळ्यांसमोर आणावीत. पट्ट्यावर चालणारी, एक वर गेलं की दुसरं खाली येणारं, आणि खाली उखळात लाल मिरची. धप्प, धप्प, धप्प. उन्हाळ्यात हा आवाज सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा, आणि थांबला की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. घर डंकाला लागूनच होतं, त्यामुळे आमच्या उशीलासुद्धा तिखटाचा वास. आम्ही बहिणी आधी शिंकायला शिकलो आणि मग बोलायला. नवीन पाहुण्याला घराचा पत्ता सांगायचा नसे. स्टँडवर उतर आणि नाकाला विचार, एवढंच.

बाया घरून मिरच्या वाळवून, धने-खोबरं भाजून डब्यातून आणायच्या आणि तोंडाला पदर बांधून पायरीवर बसायच्या. कांडून झालं की आप्पा डब्यातली चिमूट उचलायचे, जिभेच्या शेंड्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सगळी पायरी गप्प व्हायची. आमच्या ख्रिस्ती देवळात उपासनेच्या वेळीसुद्धा एवढी शांतता मी पाहिली नाही. मग आप्पा म्हणायचे, ‘लागतंय.’ बाई डबा उचलून सुखाने घरी जायची. कधी मान हलवून म्हणायचे, ‘न्हाई लागत. मूठभर लवंगी टाक आजून.’ बाई निमूट टाकायची. आमची मंडळी कापणीच्या सणाला देवळाच्या आवारात प्रीतिभोजन करत, तेव्हाही मटणाच्या डेगीतला पहिला पळा आप्पांच्या तळहातावर पडायचा आणि ते ‘लागतंय’ म्हणाल्याशिवाय पाळकसाहेबांनाही पंगतीत बसता यायचं नाही. थोडक्यात, आमचं घर त्या जिभेवर चाललं होतं.

घरातही त्या जिभेचाच कायदा. पोराने पहिल्यांदा पाणी न मागता रस्सा संपवला की त्याची ‘जीभ उघडली’ असं आप्पा जाहीर करायचे आणि त्या दिवशी त्याला आपल्या शेजारी पाटावर बसवायचे. माझी जीभ फार लवकर उघडली, अजून दातही सगळे आले नव्हते म्हणतात. माझी थोरली बहीण करुणा मात्र बरीच मोठी होईपर्यंत रश्शात पाणी घालून खायची आणि वर रडायची. आप्पा तिला ‘साहेबाची लेक’ म्हणून चिडवायचे. माणसाची पारख करायचं त्यांचं एकच माप होतं. ते म्हणायचे, ‘डोळ्याला पाणी येतंय आन् हात थांबत न्हाई, त्यो मानूस संसार करील.’ ज्याच्या डोळ्याला पाणीच येत नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास नसे, तो खोटं बोलतोय म्हणायचे.

रविवारी उपासनेहून आलो की मटण असे. आई चुलीवर कांदा-खोबरं भाजायची, पाट्यावर वाटायची आणि वरून लाल तवंग असा आणायची की त्यात बघून भांग पाडून घ्यावा. असंच एका रविवारी आप्पा हात धुवायला उठले आणि त्यांच्या वाटीत थोडा रस्सा राहिला. रस्सा टाकून द्यायची आमच्यात पद्धत नव्हती आणि मला तर अजिबात नव्हती. मी भाकरीच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली आणि घास तोंडातच राहिला. दिसायला लालभडक, पण आत काही नाही. गोडूस. बाळंतिणीला द्यावा तसा. मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. मग तिने चुलीमागे ठेवलेल्या एका लहान पातेल्यावरचं झाकण नीट केलं आणि हळूच म्हणाली, ‘गप. पोटात आग पडती त्यांच्या. वयच हाय ते.’

त्या पातेल्यात नुसती ब्याडगी असायची. ब्याडगी रंगाला राणी आणि तिखटाला सासुरवाशीण. आप्पांची भूक कमी झालेली, घास चावताना ते छातीवरून हात फिरवतात हे आईने कधीतरी हेरलं होतं, आणि कुणाला न विचारता, त्यांनाही न सांगता, दुसरं पातेलं चढवायला लागली होती. आणि आप्पा? ते दर रविवारी त्या गोड्या रश्शावर भुरका मारायचे, हुश्श करायचे, खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसायचे आणि ‘आज जाळ झालाय’ म्हणायचे. कपाळाला घामाचा टिपूस नसायचा. हे कळल्यावर मला ते नाटक बघायला इतकं आवडायला लागलं की मी मुद्दाम त्यांच्या समोर बसू लागले. पण हसायची सोय नव्हती. डंकवाल्या आप्पांना तिखट चालत नाही ही बातमी पायरीवरच्या एका बाईला कळली असती, तर संध्याकाळपर्यंत ती घोडनदीच्या पलीकडे पोचली असती, आणि डब्यातली चिमूट चाखायला मग त्यांच्याकडे कोण आलं असतं? शिवाय धंद्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ते स्वतःच्याच नजरेतून उतरले असते.

आता करुणाताई. ती नर्स झाली आणि तिला मांडवगण फराट्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. मांडवगण शिरूरपेक्षा दौंडला जवळ पडतं, हे आप्पांच्या ध्यानात उशिरा आलं. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्यातलीच बरीच कुटुंबं राहत, आणि तरुण संघाच्या गाण्याच्या कार्यक्रमात तिथला एक विल्सन नावाचा मुलगा खालच्या पट्टीत गायचा. करुणा वरच्या पट्टीत गायची. पुढचं सांगायला नको. मुलगा रेल्वेत, निर्व्यसनी, उंच. सगळं छान, पण आप्पांना कुणीतरी सांगितलं की त्याच्या घरी रविवारी इस्टू करतात, मिरी घातलेला, पांढरा. आप्पांचा चेहरा असा झाला की मुलगा दरोडेखोर निघाला असता तरी चाललं असतं. ते म्हणाले, येऊ दे रविवारी जेवायला. मग बघू. आणि आईला बजावलं की रश्शात लवंगी घाल, हात आखडू नको.

करुणाने त्या आठवड्यात दवाखान्यातून मला दोनदा फोन केला, शेजारच्या दुकानात. तिला दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं नव्हतं आणि आप्पांच्या नकारावर पाय देऊन करायचंही नव्हतं. विल्सनला दुधाची, केळ्याची, सगळी तयारी करून पाठव, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, त्याला पाणीपुरीचं पाणीसुद्धा लागतं गं.

रविवार उजाडला. सकाळच्या एसटीने यवतहून सगुणाआत्या आली. सगुणाआत्या ही आप्पांची धाकटी बहीण, अंगाने भक्कम, मनाने प्रेमळ आणि कामाला इतकी उत्साही की तिने हात लावलेलं काम दुसऱ्याला निस्तरावं लागायचं. आईने तिला काही कामच ठेवलं नव्हतं, मुद्दाम. पण मी आणि आई पाहुण्याला पाणी द्यायला बाहेर गेलो तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरात शिरली. तिने चुलीवरचं मोठं पातेलं बघितलं आणि चुलीमागचं, झाकण घातलेलं, नीट सांभाळून ठेवलेलं लहान पातेलं बघितलं. आता आमच्याकडची पद्धत अशी, की जावई किंवा मानाचा पाहुणा यायचा असला की त्याच्यासाठी चांगले तुकडे, काळीज वगैरे, वेगळ्या लहान भांड्यात काढून ठेवायचे. आत्याला वाटलं, वहिनी शहाणी आहे, होणाऱ्या जावयाचं वेगळं काढून ठेवलंय. तिने मोठ्या प्रेमाने लहान पातेल्यातला रस्सा विल्सनच्या वाटीत ओतला. आणि भावावर माया म्हणून मोठ्या पातेल्यातली सगळ्यात मोठी मगजाची नळी शोधून, वर भरपूर तवंग घेऊन, आप्पांची वाटी काठोकाठ भरली.

आम्ही आत आलो तेव्हा ताटं मांडून झाली होती आणि मंडळी बसली होती. लहान पातेलं पालथं पडलेलं आईने बघितलं. ती तोंड उघडणार, एवढ्यात पंगतीतून आप्पांचा भरदार आवाज आला, ‘प्रार्थना करू या.’ आता काय बोलणार? आमच्या घरात प्रार्थनेत बोलणाऱ्याची खैर नसे. सगळ्यांनी डोळे मिटले. आप्पांची जेवणाआधीची प्रार्थना एरवी छोटी असे, पण त्या दिवशी पाहुणा होता. त्यांनी पावसाचे आभार मानले, पिकांचे मानले, डंकाच्या मोटारीचेसुद्धा मानले. आणि त्या सगळ्या आभारांमध्ये दोनच माणसांचे डोळे उघडे होते, माझे आणि आईचे. आई दारात उभी राहून त्या वाटीकडे अशी बघत होती की तिच्या नजरेनेच ती उलटावी. मी माझी प्रार्थना वेगळी चालवली होती. ती ऐकली गेली, पण मी मागितली तशी नाही.

‘आमेन’ झालं. आप्पांनी भाकरी मोडली, भरपूर बुडवली आणि विल्सनकडे बघत बघत, मिशीत हसत, घास तोंडात घातला.

मी त्यांच्या समोर बसले होते. आधी त्यांचे कान लाल झाले. मग डोळ्यांच्या कडा. पंचा कपाळाकडे गेला आणि या वेळी त्याला खरंच काम मिळालं. त्यांनी दुसरा घास घेतला, कारण घ्यावाच लागणार होता. हात थांबला की काय होतं हे त्यांनीच गावाला शिकवलं होतं. तिसऱ्या घासाला त्यांचा डावा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. आत्या कौतुकाने म्हणाली, ‘आप्पा, कसा झालाय? मी वाढलाय बरं का.’ आप्पांनी मान हलवली. बोलता येत नव्हतं. करुणाला काहीच ठाऊक नव्हतं; ती फक्त विल्सनकडे बघत होती, तो कधी कोसळतो म्हणून. आणि विल्सन चक्रावून बसला होता. जाळाच्या तयारीने आलेला माणूस, पहिला घास डोळे मिटून घेतला, आणि लागलं काय तर बाळंतिणीचा रस्सा. त्याने वाटीत बघितलं. मग वर, आप्पांच्या कानांकडे. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे.

मग तो म्हणाला, ‘मामा, एक बोलू का? तुमच्या वाटीत नळी दिसतीय. मला नळी लय आवडती.’

पंगत थिजली. होणाऱ्या सासऱ्याच्या वाटीतली नळी मागायची? पहिल्या जेवणाला? आत्याचा हात गालावर गेला. करुणाने डोळे मिटून घेतले. तिच्या लेखी लग्न तिथेच मोडलं होतं. विल्सनने कुणाच्या उत्तराची वाट न बघता हात लांब केला, आप्पांची वाटी उचलून आपल्या ताटात ठेवली आणि आपली त्यांच्याकडे सरकवली. ‘माझ्यात काळीज हाय. तुम्ही घ्या. उष्टं म्हणू नका, मी पोरासारखाच.’

आणि मग तो जेवला. काय जेवला! मी पुढे पुष्कळ नाटकं पाहिली, पण असा एकपात्री प्रयोग पाहिला नाही. पहिल्या घासाला त्याला ठसका लागला. दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. उंच, गोरा मुलगा, बघता बघता डंकातल्या मिरचीच्या रंगाचा झाला. डोळ्यांतून धारा लागल्या, त्या हनुवटीवरून भाकरीवर पडत होत्या आणि तो तीच भाकरी बुडवून खात होता. नळी त्याने वाजवून वाजवून चोखली. हात एकदाही थांबला नाही. आप्पा समोर बसून काळजाचे मऊ तुकडे हळूहळू खात होते आणि त्याच्यावरून नजर काढत नव्हते. वाटी रिकामी झाली. आप्पांनी पंचा काढून त्याच्या हातात दिला आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘लागतंय.’

आत्याने टाळ्या वाजवल्या. करुणा रडायला लागली. आई आत जाऊन चुलीपुढे बसली आणि उगाच लाकडं पुढे-मागे करू लागली.

मी गूळ घेऊन मागच्या हौदाकडे पळाले, कारण विल्सन तिकडे गेला होता. तो ओणवा होऊन तोंडावर पाणी मारत होता. पाण्याने उलट भडकतं हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच आप्पा पलीकडून आले. त्यांच्याही हातात गुळाचा खडा होता. मी भिंतीच्या आड थांबले. ऐकत होते हे उघड आहे, त्याबद्दल मला काही वाटत नाही. मी ऐकलं नसतं तर हे प्रकरण कुणी लिहिलं असतं?

आप्पांनी खडा त्याच्या तळहातावर ठेवला. तो चघळेपर्यंत थांबले. मग म्हणाले, ‘बरं न्हाई केलंस. नळी माझी व्हती.’

विल्सन हसला, आणि हसता हसता पुन्हा ठसकला. मग म्हणाला की त्यांच्याही घरी आधी दोन पातेली शिजायची. त्याचे वडील इंजिन चालवायचे, डब्यातला खर्डा खाऊन आयुष्य काढलं, आणि रिटायर व्हायच्या आधीच पोट गेलं. इस्टू तेव्हापासून सुरू झाला. सगळ्यांनाच मग त्याची सवय लागली.

‘तुझ्या सासूला कळू देऊ नको,’ आप्पा म्हणाले, ‘मला ठाव हाय म्हनून. लय मनापास्नं करती ती.’

मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या हातातला गूळ वितळत होता. म्हणजे आप्पांना माहीत होतं! पहिल्यापासून! आई त्यांच्यासाठी लपवत होती आणि ते आईसाठी कपाळ पुसत होते, आणि या दोघांच्या मध्ये ते लहान पातेलं दर रविवारी मुकाट शिजत होतं. ‘तुझ्या सासूला’ असं म्हणाले होते, हे माझ्या जरा उशिरानेच लक्षात आलं. मग मात्र मी करुणाला सांगायला धावले.

लग्न कापणीच्या सणाच्या आधी झालं. त्या वर्षीच्या प्रीतिभोजनाला डेग उकळत होती, मंडळी जमली होती, आणि रीतीप्रमाणे पळा आप्पांच्या तळहाताकडे आला. आप्पांनी हात मागे घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या प्रार्थनेच्या आवाजात ते म्हणाले, ‘माझी जीभ म्हातारी झाली बाबांनो. आता जावई चाखतील.’ मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण कुणाला काही वाटलं नाही. एक आजी म्हणाल्या, ‘व्हय, माझंबी तसंच झालंय.’ एका मामांनी सांगितलं की ते वर्षभर चोरून दूध-भाकरी खातायत. बघता बघता अर्ध्या मंडळीने आपापली पोटं उघडी केली. विल्सन दाजींनी बिचकत चाखलं आणि दोन तांबे पाणी वाढवायला सांगितलं. त्या वर्षी पहिल्यांदा लहान पोरांनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. डंक पुढेही चालला. चिमूट चाखायला आप्पांनी मला बसवलं, आणि मी तितक्याच नाटकीपणाने डोळे मिटत असे. आई मात्र लहान पातेलं शेवटपर्यंत चुलीमागेच ठेवत राहिली आणि आप्पा शेवटपर्यंत कपाळ पुसत राहिले. ती दोघंही आता नाहीत. त्यांचे आभार मानायचे तर आप्पांच्या त्या लांबलचक प्रार्थनेएवढे मानावे लागतील, आणि माझा रस्सा निवेल.

आता माझी सून रविवारी स्वयंपाक करते. मागच्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की माझ्या वाटीतला रस्सा लालभडक असतो आणि आत काही नसतं. गॅसच्या मागच्या बर्नरवर, मोठ्या कुकरच्या आडोशाला, झाकण घातलेलं एक छोटं भांडं असतं. मी तिला काही विचारलं नाही. लय मनापासून करते ती.

गेल्या रविवारी करुणाताई आणि दाजी दौंडहून आले होते. दाजींचं डोकं पार पांढरं झालंय, पण गंमत बघा, जीभ उलटी चालली. आमच्या घरात इतकी वर्षं जेवून आता त्यांना वरून खर्डा लागतो. ते माझ्या समोर बसले. मी भुरका मारला, हुश्श केलं, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाले, ‘आज जाळ झालाय गं.’ सून खूश झाली. दाजींनी माझ्या कोरड्या कपाळाकडे बघितलं, मग माझ्या वाटीकडे, मग ओट्याकडे. त्यांनी नळी उचलली, ताटावर दोनदा आपटली आणि तोंडात घालायच्या आधी म्हणाले, ‘लागतंय.’